‘घरी घेऊन जा’ म्हटल्यानंतर

महाराष्ट्रातील लहानमोठ्या रुग्णालयांत, सरकारी वॉर्डात तसेच खासगी नर्सिंग होमच्या जिन्यापाशी, एक वाक्य रोज कुठे ना कुठे उच्चारले जाते: ‘आता घरी घेऊन जा.’ कर्करोग शरीरभर पसरलेला असतो, यकृत किंवा मूत्रपिंडे निकामी झालेली असतात, हृदयाची ताकद संपत आलेली असते, आणि रोग बरा करणारा उपचार उरलेला नाही हे डॉक्टरांना कळून चुकलेले असते. नातेवाइकांनाही ते अर्धेमुर्धे उमगलेले असते. पुष्कळदा या घरी जाण्याची नोंद ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज’ अशी होते, ज्याला रुग्णालयात थोडक्यात ‘डामा’ म्हणतात. ज्या निर्णयाकडे डॉक्टरांनीच आडून बोट दाखवलेले असते, त्याच्याखाली सही मात्र मुलाची किंवा जावयाची घेतली जाते, आणि सल्ला मोडून गेलेल्या रुग्णाला पुढची औषधे, पुढची भेट किंवा एखादा फोन नंबर देण्याची जबाबदारी मग कुणावरच राहत नाही. रात्री दोन वाजता रुग्ण वेदनेने किंचाळू लागला, त्याची धाप वाढली किंवा तो बरळू लागला, तर त्या घरात करायचे काय, याचे उत्तर डिस्चार्जच्या कागदावर नसते.

त्या वाक्यानंतरचे दिवस कधी दोन-चार असतात, तर कधी त्यांचे महिने होतात, आणि त्या काळातील काळजी ही वैद्यकाची एक पूर्ण शाखा आहे. तिची स्वतःची औषधे आहेत, त्यांच्या मात्रा आहेत, तपासणीची आणि बोलण्याची शिकून घ्यावी लागणारी कौशल्ये आहेत. डॉक्टर किंवा परिचारिका मनाने कितीही कनवाळू असली, तरी मॉर्फिन किती तासांनी द्यायचे हे तिला ठाऊक नसेल तर तिची करुणा रुग्णापर्यंत पोहोचत नाही. या शाखेला पॅलिएटिव्ह केअर किंवा परिहारक सेवा म्हणतात. गंभीर आजारातील शारीरिक, मानसिक आणि सामाजिक त्रास वेळीच ओळखून तो कमी करणे हे तिचे काम, आणि आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातील शुश्रूषा हा तिचा एक भाग. ही सेवा सर्व उपाय थकल्यावरच सुरू करायची असते, हा समज रुग्णांइतकाच डॉक्टरांतही पसरलेला आहे. बॉस्टनमधील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये फुप्फुसाचा कर्करोग पसरलेल्या १५१ रुग्णांवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, निदानानंतर लगेच परिहारक सेवा मिळालेल्या रुग्णांचे जगणे अधिक सुसह्य झाले, त्यांच्यातील खिन्नता कमी राहिली, शेवटच्या काळात त्यांच्यावर आक्रमक उपचार कमी झाले, आणि तरीही ते इतरांपेक्षा सरासरी सुमारे पावणेतीन महिने अधिक जगले. जगभरात दरवर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख लोकांना या सेवेची गरज असते आणि त्यांपैकी केवळ १४ टक्क्यांच्या आसपास लोकांना ती मिळते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

या शाखेची आजची घडण प्रामुख्याने सिसिली सॉण्डर्स (१९१८–२००५) यांच्या कामातून झाली. त्या आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयातील समाजसेविका झाल्या आणि वयाच्या चाळिशीकडे झुकताना, १९५७ साली, डॉक्टर झाल्या. एकाच व्यक्तीने रुग्णाच्या खाटेकडे तिन्ही बाजूंनी पाहिलेले असणे ही या शाखेच्या दृष्टीने मोठी भाग्याची गोष्ट ठरली. १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणासन्न रुग्णांसाठीचे शुश्रूषागृह, सुरू केले. ‘समग्र वेदना’ ही त्यांची संकल्पना आजही या शास्त्राचा पाया मानली जाते. हाडात पसरलेला कर्करोग दुखतो. पण त्याच रुग्णाला मुलीचे लग्न राहून गेल्याचे दुखते, उपचारापायी शेत गहाण पडल्याचे दुखते, आणि आपल्याच वाट्याला हे का आले या प्रश्नाचेही दुखते, आणि ही सगळी दुखणी एकमेकांना वाढवत असल्यामुळे केवळ गोळीचा डोस वाढवून त्यांतले एकही पुरतेपणी शमत नाही. भारतातले पहिले हॉस्पिस मुंबईतच उभे राहिले. डॉ. लुईस डिसोझा यांनी १९८६ साली वांद्रे येथे ‘शांती आवेदना’ची स्थापना केली आणि पुढे तिची शाखा गोव्यातही निघाली. पुण्यात वारजे येथे १९९७ साली सिप्लाचे परिहारक सेवा व प्रशिक्षण केंद्र सुरू झाले, तर मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात २०१२ साली या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आला. म्हणजे महाराष्ट्राला ही विद्या परकी नाही. परंतु तालुक्याच्या गावी ‘घरी घेऊन जा’ असे सांगणाऱ्या डॉक्टरापर्यंत ती पुरेशी उतरलेली नाही, आणि ही उणीव सर्वांत आधी वेदनेच्या बाबतीत जाणवते.

कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर मॉर्फिन हे अजूनही सर्वांत भरवशाचे औषध आहे. ते अफूपासून मिळते आणि त्याची गोळी महाग नसते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली वेदनाशमनाची तीन पायऱ्यांची शिडी मांडली: सौम्य वेदनेला पॅरासिटामॉलसारखी औषधे, मध्यम वेदनेला कोडीनसारखी सौम्य अफूजन्य औषधे आणि तीव्र वेदनेला मॉर्फिन. तीव्र वेदना असलेल्या रुग्णाला खालच्या पायरीपासून वर चढवत बसण्याचे कारण नाही, हे पुढे स्पष्ट झाले. पण त्या शिडीसोबतचे दोन नियम आजही तितकेच मोलाचे आहेत. औषध शक्यतो तोंडाने द्यायचे, आणि घड्याळाप्रमाणे द्यायचे. साध्या मॉर्फिनच्या गोळीचा परिणाम साधारण चार तास टिकतो, म्हणून ती दर चार तासांनी, आधीची वेदना परत डोके वर काढण्यापूर्वीच द्यावी लागते. ‘दुखले तर घ्या’ असे लिहून दिले की रुग्ण दिवसभर वेदनेच्या आणि गोळीच्या मागेपुढे धावत राहतो, आणि दोन डोसांमधला काळ तो पुढची कळ केव्हा येईल या भीतीतच काढतो. नियमित डोसांच्या मधेच वेदना उसळली तर घ्यायची जादा मात्राही सुरुवातीलाच लिहून द्यायची असते. मॉर्फिनने बद्धकोष्ठता हमखास होते आणि ती आपोआप जात नाही, त्यामुळे पहिल्या गोळीबरोबरच रेचक सुरू करणे हा शिष्टाचाराचा नव्हे तर उपचाराचा भाग आहे. शौचाला न होण्याच्या त्रासाने मॉर्फिन बंद केलेले आणि म्हणून पुन्हा वेदनेत लोटलेले रुग्ण थोडे नाहीत. मळमळ आणि गुंगी बहुधा पहिल्या काही दिवसांत ओसरते. वृद्धांना आणि मूत्रपिंडे कमजोर असलेल्यांना कमी मात्रेने आरंभ करावा लागतो, कारण मूत्रपिंडांवाटे बाहेर पडणारे या औषधाचे अवशेष त्यांच्या शरीरात साचतात.

व्यसन लागेल आणि श्वास थांबेल, या दोन भीती नातेवाइकांच्या मनात असतातच, परंतु त्या डॉक्टरांच्या आणि औषध दुकानदारांच्या मनातही असतात, हे अधिक गंभीर आहे. वेदनेसाठी मोजून-मापून दिलेल्या मॉर्फिनने शरीराला औषधाची सवय होते, म्हणून ते एकदम तोडायचे नसते; पण नशेच्या ओढीने ते शोधत फिरणे, म्हणजे व्यसन, ही वेगळी अवस्था आहे आणि अखेरच्या आजारात ती क्वचितच दिसते. मात्रा लहान ठेवून आरंभ केला आणि ती वेदनेच्या मानाने पायरीपायरीने वाढवत नेली, तर श्वास धोक्याच्या पातळीवर मंदावण्याची शक्यताही फार कमी असते. या भीतीला कायद्याचीही जोड मिळाली. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने मॉर्फिन बाळगण्यासाठी परवान्यांची इतकी जंत्री लावली की बहुतेक रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडून दिले. ज्या देशात मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातील शेतकरी सरकारी परवान्याने अफू पिकवतात, जिथून ती औषधनिर्मितीसाठी परदेशी जाते, त्याच देशातील कर्करुग्ण मॉर्फिनवाचून तळमळत राहिले, ही विसंगती केरळमधील डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे मांडत राहिले. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली, मॉर्फिनसारखी औषधे ‘अत्यावश्यक’ गटात आली आणि अनेक परवान्यांच्या जागी मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांची सुटसुटीत पद्धत आली. कायद्याची अडचण बरीच दूर झाली. अशी मान्यता मागणारा अर्ज मात्र रुग्णालयालाच करावा लागतो, आणि तो न करण्याला आता कायद्याचे कारण देता येत नाही.

वेदनेइतकाच अवघड प्रश्न बोलण्याचा आहे. “बाबांना काही सांगू नका हं डॉक्टर, ते खचतील,” ही विनंती मराठी घरांतून इतकी सर्रास येते की ती आली नाही तरच नवल वाटावे. तिच्यामागे प्रेम असते, आणि ती झिडकारून रुग्णाला तडकाफडकी सगळे सांगून टाकणे हा प्रामाणिकपणा ठरत नाही. परंतु तिला मान तुकवून वॉर्डातल्या सगळ्यांनी मौन पाळले, तर घरात एक विचित्र नाटक सुरू होते: रुग्णाला आपली अवस्था शरीरावरून कळलेली असते, कुटुंबाला ती रिपोर्टवरून कळलेली असते, आणि दोघेही एकमेकांना सांभाळून घेण्याच्या नादात एकमेकांशी शेवटचे खरे बोलणे टाळत राहतात. बँकेतील पैशांचा, जमिनीच्या वाटणीचा, दुरावलेल्या भावाला बोलावण्याचा विषय निघत नाही, आणि मग तो काढण्याची वेळच उरत नाही. अनुभवी डॉक्टर अशा वेळी आधी मुलाशी बोलतात. “तुम्ही काळजीपोटीच हे सांगताय, ते मला समजतं. त्यांनी विचारल्याशिवाय मी त्यांच्यावर काही लादणार नाही, पण त्यांनी स्वतः विचारलं, तर खोटंही बोलणार नाही,” एवढे म्हटले तरी बहुतेक नातेवाइकांचा ताण सैल होतो, कारण सत्य सांगण्याचे किंवा दडवण्याचे ओझे एकट्या त्यांच्या डोक्यावर राहत नाही.

त्यानंतर रुग्णापाशी बसून विचारलेला पहिला प्रश्न बहुधा साधाच असतो: “काका, तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला काय वाटतंय?” अशा संभाषणासाठी ‘स्पाइक्स’ नावाची सहा टप्प्यांची पद्धत २००० साली मांडली गेली आणि ती आज वैद्यकीय शिक्षणात सर्वत्र शिकवली जाते. एकांत आणि बसायला जागा पाहणे, रुग्णाला आधीच काय माहीत आहे ते विचारणे, त्याला किती जाणून घ्यायचे आहे याचा अंदाज घेणे, मग सोप्या शब्दांत आणि थोडेथोडे करून सांगणे, त्याच्या भावनेला वाट देणे आणि पुढे काय करायचे ते ठरवणे, असा तिचा क्रम आहे. या सहांपैकी पाचवा टप्पा सर्वाधिक वेळा गाळला जातो. रुग्णाचे डोळे भरून आले की डॉक्टर घाईघाईने पुढच्या तपासणीविषयी बोलू लागतात; खरे तर त्या वेळी काही क्षण गप्प बसणे आणि “हे ऐकणं फार जड आहे” एवढेच म्हणणे पुरेसे असते. अमेरिकेतील शल्यविशारद अतुल गावंडे यांनी ‘बीइंग मॉर्टल’ या २०१४ च्या पुस्तकात या संभाषणाला मध्यवर्ती स्थान दिले आहे, आणि त्यासाठी त्यांनी स्वतःच्या वडिलांच्या अखेरच्या आजाराची हकिगत सांगितली आहे. ते वडील यवतमाळ जिल्ह्यातील उटी या गावचे, पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले मूत्रविकारतज्ज्ञ होते. कशाची भीती वाटते, कोणती गोष्ट गेली तर जगणे नकोसे होईल आणि कोणत्या गोष्टीसाठी किती त्रास सोसायची तयारी आहे, हे रुग्णालाच विचारून उपचार ठरवावेत, असा त्या मांडणीचा गाभा आहे. पुढचा केमोथेरपीचा डोस द्यायचा की नाही, याचे उत्तर पुष्कळदा रक्ताच्या रिपोर्टपेक्षा या उत्तरांत अधिक स्पष्टपणे सापडते.

शेवटचे काही दिवस जवळ आले की शरीरात होणारे बदल बरेचसे ठरावीक असतात, आणि ते नातेवाइकांना आधी सांगून ठेवणे हे परिचारिकेचे सर्वांत मोलाचे काम ठरते. झोप वाढते, गिळणे मंदावते, लघवी कमी होते, हातपाय गार पडतात, कातडीवर निळसर चट्टे दिसू लागतात, श्वास कधी भराभर तर कधी मधेच थांबून चालतो. घशातील स्राव खोकून बाहेर टाकण्याची शक्ती राहत नाही आणि श्वासाबरोबर घरघर ऐकू येते. ही घरघर ऐकणाऱ्याला असह्य वाटते; बेशुद्धीकडे झुकलेल्या रुग्णाला तिचा त्रास होत असण्याची शक्यता कमी असते. त्याला कुशीवर वळवणे आणि स्राव कमी करणारे औषध वेळेवर सुरू करणे उपयोगी पडते, तर सक्शनची नळी घशात खोलवर घालण्याने बहुधा त्रासच वाढतो. धाप लागत असेल तर पाठीला उशांचा आधार, चेहऱ्यावर येणारा पंख्याचा वारा आणि मॉर्फिनची लहान मात्रा यांनी आराम पडतो; रक्तातील प्राणवायू पुरेसा असताना नाकाला लावलेल्या ऑक्सिजनने त्यात भर पडत नाही. गोळी गिळता येईनाशी झाली की औषधे बंद पडू देण्याऐवजी त्वचेखाली बारीक सुई बसवून त्यातून देता येतात, आणि घरच्या माणसाला ते शिकवताही येते. याउलट कोलेस्टेरॉलच्या गोळ्या, रोजची रक्तशर्करा, दर तासाचा रक्तदाब हे सगळे या टप्प्यावर थांबवायचे असते.

सलाइनचा प्रश्न वेगळा काढून पाहिला पाहिजे, कारण आपल्याकडे बाटली लावल्याखेरीज उपचार झाल्यासारखेच वाटत नाहीत, आणि माणूस उपाशी गेला ही खंत कुटुंबाला वर्षानुवर्षे छळते. मृत्यूच्या उंबरठ्यावर शरीर अन्नपाणी वापरू शकत नाही. भूक मेल्यामुळे माणूस जेवत नसतो, जेवत नाही म्हणून तो मरत नसतो. जबरदस्तीने भरवलेला घास श्वासनलिकेत जाऊ शकतो आणि शिरेतून दिलेले जादा पाणी पायांत, फुप्फुसांत आणि घशात साठते. हॉस्पिसच्या सेवेत असलेल्या कर्करुग्णांवर झालेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज एक लिटर सलाइन मिळालेल्यांच्या आणि नाममात्र १०० मिलिलिटर मिळालेल्यांच्या त्रासात लक्षणीय फरक आढळला नाही. तरीही ‘सलाइनची गरज नाही’ एवढेच सांगून निघून जाणे निष्ठुरपणाचे होईल, कारण काहीतरी करण्याची कुटुंबाची गरज खरी असते. म्हणून चांगली परिचारिका सुनेच्या हाती मऊ, ओला केलेला गॉजचा तुकडा देते आणि दर दोन तासांनी तोंड आतून कसे पुसायचे, जिभेवरचा थर हलकेच कसा काढायचा, ओठांना मलम कसे लावायचे ते स्वतः करून दाखवते. कोरड्या तोंडाचा त्रास सलाइनपेक्षा या पुसण्याने अधिक कमी होतो. गंगाजल आणि तुळशीपत्राचा आग्रह असेल, तर मान एका बाजूला वळवून दोन थेंब ओठांवर सोडण्यास हरकत घेण्याचे काहीच कारण नसते. ऐकण्याची शक्ती उशिरापर्यंत टिकून राहू शकते, म्हणून खाटेपाशी हलक्या आवाजात बोलत राहावे आणि तिथे उभे राहून जमिनीच्या वाटणीवर वाद घालू नये, हेही तिनेच सांगायचे असते.

उपचार थांबवण्याचा कायदा मुंबईच्याच एका रुग्णालयातून सुरू झाला. केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ साली त्यांच्यावर झालेल्या हल्ल्यानंतर आपल्या सहकाऱ्यांच्या शुश्रूषेत २०१५ मधील मृत्यूपर्यंत, एक्केचाळीस वर्षांहून अधिक काळ, तिथेच राहिल्या. त्यांना भरवणे थांबवून मरू द्यावे, अशी त्यांच्यासाठी केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली फेटाळली; त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार न्यायालयाने त्यांची सेवा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला, आणि त्या कर्मचाऱ्यांना त्यांचे अन्न थांबवणे मान्य नव्हते. जी माणसे रोज कूस बदलतात, भरवतात आणि स्वच्छ ठेवतात, त्यांचा शब्द अशा निर्णयात अग्रक्रमाने धरला गेला, ही त्या निकालातील फार महत्त्वाची गोष्ट होती. याच निकालाने जीवरक्षक उपचार मागे घेण्याची वाटही काही अटींवर खुली केली, आणि ९ मार्च २०१८ रोजी घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवून ‘लिव्हिंग विल’, म्हणजे शुद्धीत असतानाच आपल्यावरील अखेरच्या उपचारांविषयी लिहून ठेवलेले इच्छापत्र, ग्राह्य मानले. २०२३ मध्ये ही प्रक्रिया सोपी झाली. दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन पुरेसे ठरले, आणि रुग्णालयातील प्राथमिक व दुय्यम वैद्यकीय मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यावे असे ठरले. इंजेक्शन देऊन मृत्यू घडवणे भारतात गुन्हाच आहे. व्हेंटिलेटर काढल्यावर होणारा मृत्यू मूळ आजाराने होतो आणि त्यानंतरही वेदनाशमन चालूच राहते, हा भेद ज्या डॉक्टरला नीट समजलेला असतो, त्याला निरर्थक उपचार थांबवण्यासाठी ‘डामा’च्या कागदाची आडवाट धरावी लागत नाही.

मृत्यूनंतरही काही कामे वैद्यकीय माणसाचीच राहतात. मृत्यू घरी झाल्यास त्याच्या कारणाचा दाखला, नमुना ४-अ, शेवटी उपचार करणाऱ्या डॉक्टरने द्यायचा असतो. तो कोण देणार हे आधी ठरवले नसेल तर स्मशानाची तयारी अडून राहते आणि मुलगा मध्यरात्री दवाखान्यांचे दरवाजे ठोठावत फिरतो. म्हणून रुग्णाला घरी पाठवतानाच त्या डॉक्टरचे नाव, परिचारिकेच्या भेटीचा वार, चालू औषधांच्या मात्रा आणि रात्री-अपरात्री उचलला जाणारा एक फोन नंबर एका कागदावर लिहून द्यावा लागतो. दिवसकार्य आटोपल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी त्या घरी केलेला फोन किंवा दिलेली भेट ही अनेक परिहारक सेवांत नेहमीच्या कामाचाच भाग असते. उरलेले मॉर्फिन परत घेणे हे तिचे एक कारण, आणि दुसरे त्याहून महत्त्वाचे: ज्या सुनेने किंवा मुलाने शेवटची मात्रा दिलेली असते, त्याला ‘माझ्या हातच्या औषधानेच तर गेले नाहीत ना’ हा प्रश्न पोखरत असतो आणि तो घरात कुणापाशी काढता येत नाही. आजार कुठवर आलेला होता, ती मात्रा किती होती, त्याआधी तेवढीच कितीदा दिली गेली होती आणि श्वासातील बदल कधीपासून सुरू झाले होते, हे नोंदवही समोर ठेवून सांगणारा डॉक्टर किंवा परिचारिकाच त्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकते.